जुनी जिप्सी धडधडते, बंद पडते? साताऱ्यातल्या मामांच्या गॅरेजचा आमचा अनुभव

आधी निकाल सांगते. कामाला पाचपैकी पाच, बसायच्या सोयीला शून्य. तुमची मारुती जिप्सी कार्बोरेटरवाली असेल (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), सिग्नलला उभी राहिली की धडधडून बंद पडत असेल आणि अॅक्सिलरेटरवर पाय दिला की क्षणभर दम टाकत असेल, तर साताऱ्यात ती इथेच न्या. बाकी गाड्यांचं मला विचारू नका.

गॅरेज जुन्या एमआयडीसीत आहे. पाटी नाही, पत्र्याची शेड आहे. आत शिरल्यावर कुणालाही ‘जिप्सीवाले मामा’ म्हणून विचारलं की हात करून दाखवतात. शेडबाहेर एक तरी लष्करी हिरवी जिप्सी चाकं काढून उभी असते, ती खूण.

आमची गाडी १९९८ ची जिप्सी किंग, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. १२९८ सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं, कार्बोरेटरचं इंजिन. २००० सालापासून आलेल्या एमपीएफआय जिप्सीत सोळा व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल सेन्सरच्या हिशेबाने फवारलं जातं, त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं त्या गाड्यांना लागू नाही. कासच्या पुढे एका वाडीवर आमची घरगुती जेवणाची आणि राहायची सोय आहे. किराणा, गॅसचे सिलिंडर, भाजी, पावसाळ्यात चिखलात फसलेले पाहुणे, सगळं याच गाडीतून येतं. म्हणून ‘आता नवीन घ्या की’ हा सल्ला कुणी देऊ नये. या वाटेवर शेवटच्या टप्प्याला जे चढतं ते हेच.

दुखणं असं होतं. सकाळी थंड इंजिन, चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी दांडी) ओढलेला, तेव्हा काही तक्रार नाही. गरम झाली की नाटकं सुरू. यवतेश्वरच्या घाटात वळणावर दुसरा गिअर टाकून पाय दिला की गाडी आधी एक उचकी खायची आणि मग धावायची. मागे सिलिंडर असले की त्या उचकीला पोटात गोळा यायचा. आणि पोवई नाक्याला रांगेत उभी राहिली की बोनेट थरथरायला लागायचं, आवाज खाली खाली जायचा आणि बंद. मागून हॉर्न.

याआधी तिला इतर ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) कॅप, रोटर असं सगळं बदललं. कारण काय, तर ‘तुमच्याकडे धुकं फार, ओल धरते’. ओल धरते हे खोटं नाही, पण गाडी भर मे महिन्यातही तशीच वागत होती. दुसऱ्याने स्लोचा, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असतानाच्या वेगाचा, स्क्रू आवळून रेस वाढवून दिली. बंद पडायची थांबली खरी, पण उतारावर पाय काढला तरी पुढे ओढायला लागली. आणि एकाने बोनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका.’ आकडा ऐकून आम्ही चहा घेऊन परत आलो.

मामांनी आधी बोनेटला हातच लावला नाही. प्रश्न विचारले. “ताई, उचकी पाय देताना खाते, की दाबून धरल्यावर?” पाय देताना. “दाबून धरला की नीट ओढते?” ओढते. “चोक थोडा ओढला तर?” बरी चालते. “आणि वर घरी गेल्यावर बरी उभी राहते, की खाली साताऱ्यात?” हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. आणि खरंच, वर थोडी बरी उभी राहायची. आम्हाला वाटायचं, थंड हवेमुळे.

मामा म्हणाले, थंड हवेचा संबंध नाही, उंचीचा आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फुटांवर, कासचं पठार ४,००० च्या आसपास. वर हवा विरळ. इंजेक्शनच्या गाडीला ते सेन्सरमुळे कळतं, कार्बोरेटरला कळत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, मिश्रण किंचित घट्ट होतं. फरक थोडाच, पण ज्या इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय त्याला तेवढाही मानवतो. चोकवर बरी चालते त्याचंही कारण तेच. “म्हणजे तुमच्या गाडीच्या प्लगला करंट भरपूर आहे. ती कुठून तरी फुकटची हवा ओढतीय.”

मग एअर फिल्टरचं झाकण काढलं. इंजिन चालूच होतं, लंगडत. मामांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धा झाकला आणि इंजिन शांत झालं. हात काढला, पुन्हा धडधड. तोवरच्या सगळ्या खर्चाचं उत्तर त्या तळहातात होतं आणि त्याला एक रुपयाही लागला नव्हता. जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) चोंदला असला तरी हेच होतं म्हणे, पण आधी हवा शोधायची, जेट नंतर उघडायचा.

पुढची पायरी मला फार आवडली. इंजिन बंद करून त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिली आणि कार्बोरेटरच्या घशात बघायला सांगितलं. अॅक्सिलरेटरची वायर ओढली की आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली. ही अॅक्सिलरेटर पंपाची धार. पाय देताना हवा एकदम आत घुसते, तेवढ्या क्षणापुरतं वरचं पेट्रोल हा पंप देतो. धार तुटक असती किंवा उशिरा आली असती, तर उचकीचा दोष पंपाच्या पडद्याचा होता. धार चांगली होती. दाबून धरल्यावर गाडी नीट ओढते, त्या अर्थी फिल्टर आणि पेट्रोल पंपही ठीक. ‘कार्बोरेटर गेला’ हे तिथेच निकालात निघालं.

आता तो आवळलेला स्क्रू. मामांनी आधी तो मागे घेतला, आणि तो कुणी फिरवला असं न विचारता एक शिवी मात्र दिली. कारण ऐकण्यासारखं आहे. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला एक चपटा डबा असतो, व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा. आत रबरी पडदा. पाय थोडा दिला की कार्बोरेटरमधल्या एका बारीक भोकातून त्या डब्याला ओढ मिळते, पडदा मागे सरकतो आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडते. गाडी स्लोवर असते तेव्हा ते भोक थ्रॉटलच्या (पाय दिला की उघडणाऱ्या) झडपेआड झाकलेलं असतं, म्हणून तिथे ओढ नसते. रेस वाढवली की झडप उघडी राहते, भोक उघडं पडतं आणि स्लोवरच टायमिंग हलायला लागतं. पडदा फाटलेला असेल तर त्याच भोकातून हवाही आत येते. म्हणजे वरून इलाज दिसतो आणि आतून एकाची दोन दुखणी होतात. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तशी गत.

पडदा फाटलाय की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. मामांनी कार्बोरेटरच्या बाजूची नळी सोडवली, पुसली, ओठात धरून हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. पडदा धड असेल तर नळी जिभेला चिकटून राहते. ही पडली. पुढे नवा डबा बसवल्यावर त्यांनी नळी धुऊन मला ओढायला लावली. टोपी काढलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये आतली पट्टी सर्रकन फिरली आणि नळी जिभेला चिकटली ती चिकटलीच. उचकीचा आजार म्हणजे तो फाटका रबर. पाय दिला की टायमिंग पुढे जायचंच नाही आणि वर मिश्रण पातळ.

पण नळीच्या तोंडात बोळा घालून बघितलं तरी स्लोवरची धडधड पूर्ण गेली नाही. म्हणजे हवा आणखी कुठून तरी येत होती. मामांनी मला ओढणी कमरेला बांधायला सांगितली, पंख्याचा पट्टा जवळच असतो, आणि रबरी पाईपचं एक टोक माझ्या कानाला लावलं. दुसरं टोक ते कार्बोरेटरभोवती फिरवत होते. एका कोपऱ्यात स्पष्ट ‘सुस्स’ ऐकू आलं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण इंजिनात नेणारा पाईप) यांच्या मधलं जाड पॅकिंग. खात्री करायला तिथे क्लीनरचा फवारा मारला, तसा इंजिनाचा आवाज लगेच बदलला. हा फवारा गरम इंजिनावर मारताना पोरगा वाळूची बादली घेऊन बाजूला उभा होता. घरी करून बघणार असाल तर ती बादली विसरू नका. गरम झाल्यावरच दुखणं का वाढायचं तेही तेव्हा कळलं. पॅकिंग आकसलेलं, नट सैल, आणि तापलं की फट वाढायची.

व्हॅक्यूम गेज (इंजिन किती जोराने हवा ओढतं ते दाखवणारं घड्याळ) लावून आधी आणि नंतरचे आकडेही त्यांनी दाखवले. धड इंजिन स्लोवर समुद्रसपाटीला पाऱ्याच्या १७ ते २२ इंचांच्या मध्ये काटा स्थिर धरतं. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा, म्हणजे साताऱ्यात साधारण साडेचौदा ते साडेएकोणीस. आमचा काटा १३ वर होता, स्थिर. काटा स्थिर पण खाली, म्हणजे हवेची गळती नाहीतर टायमिंग मागे. तोच ठरावीक लयीत फडफडला असता तर व्हॉल्व्हवर संशय, आणि मग खर्चाचा मामला वेगळा. काम झाल्यावर काटा १७ च्या वर आला. टायमिंग लाइटने बघितलं, नळी बंद ठेवून. मग मिश्रणाचा स्क्रू काट्याकडे बघत लावला आणि स्लो ८०० ते ८५० च्या मध्ये ठेवला.

पडदा आणि पॅकिंग एकदम का गेले, असं विचारलं. वय, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर इथेनॉल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने केलेले नाहीत, काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण मुळातच थोडं पातळ होतं आणि कार्बोरेटर ते आपोआप भरून काढत नाही. आधीच हवा ओढणाऱ्या गाडीला हे वरून. आमच्या माहेरी ऊस आहे, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही. पेट्रोलच्या नळ्या मात्र सगळ्या बदलून घेतल्या. टाकी अर्धी ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नका, असंही मामांनी बजावलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुरेसं पाणी शिरलं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. व्हॅक्यूमचा डबा साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याच्या नाना पेठेतून मागवावा लागला. त्यात ‘उद्या’ हा शब्द मामा फार सढळ हाताने वापरतात. फोन उचलत नाहीत. पोरगा उचलतो आणि ‘मामा गाडीखाली आहेत’ एवढं सांगून ठेवतो. बायकांना बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. मी टायरवर बसले, साडी असती तर तेही जमलं नसतं. बिल वहीच्या पानावर. ज्यांना पक्कं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं.

पैशाचं मात्र चोख. तपासणीचे ५०० रुपये वेगळे, काम तिथेच केलं तर मजुरीतून वजा. पाचशे ऐकून माझ्यासमोर एक गृहस्थ ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणत गाडी घेऊन गेले. मला विचाराल तर सगळ्या बिलात वसूल झालेली रक्कम तीच. डबा, पॅकिंग, नळ्या, मजुरी सगळं धरून नव्या कार्बोरेटरच्या सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यातही आलं नाही. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले, न मागता.

घाटात आता दुसऱ्यावर पाय दिला की गाडी लगेच उचलते, पोवई नाक्याला बोनेट हलत नाही. दार अजून वाजतं, पण ते त्यांचं काम नव्हे.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडा. सकाळचं पहिलं, थंड स्टार्टिंग त्यांना स्वतः बघायचं असतं आणि तापल्यावर काय बदललं तेही. तिथे नेण्याआधी स्लोचा स्क्रू कुणाला फिरवू देऊ नका. एमपीएफआय जिप्सी असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ करून देतात, वायरिंग आणि सेन्सरला हात लावत नाहीत, तसं तोंडावर सांगतात.