तीन कॉम्प्युटरना एकच माउस: लॉजिटेक एम७२० ट्रायथलॉन

ज्याच्या टेबलावर एकच कॉम्प्युटर आहे, त्याने हा माउस घेऊ नये. त्याच्यासाठी हा नाहक जड आहे. पण घरचा लॅपटॉप, ऑफिसचा लॅपटॉप आणि शिवाय एखादा टॅब किंवा डेस्कटॉप अशी दिवसभर ये-जा असेल, तर एम७२० इतकं साधं आणि टिकाऊ उत्तर क्वचितच सापडेल. २०१६ साली आलेलं हे मॉडेल आहे. नंतरचे अनेक माउस जास्त चकचकीत दिसतात, पण यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर आणि ब्लूटूथ दोन्ही, तीन चॅनेल (एकेका कॉम्प्युटरसाठी एक), मोकळं फिरणारं चाक आणि साधा डबल ए सेल हे सगळं एकत्र यात मिळतं.

सुरुवात सोपी आहे. तळाचं झाकण उघडलं की आत सेलची जागा आहे, आणि त्याच कप्प्यात रिसीव्हर ठेवायला खाच आहे. नखाएवढा रिसीव्हर प्रवासात तिथेच ठेवावा, कारण वायरलेस माउस निकामी होण्याचं सगळ्यात सामान्य कारण बिघाड नसून हरवलेला रिसीव्हर हे असतं. सेल घालून तळाचं बटण ऑन केलं आणि रिसीव्हर यूएसबीत लावला की काही सेकंदांत कर्सर हलू लागतो. सोबतचा रिसीव्हर कारखान्यातूनच चॅनेल १ ला जोडून येतो, त्यामुळे पहिल्या कॉम्प्युटरसाठी कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरा कॉम्प्युटर ब्लूटूथवर घ्यायचा. अंगठ्याच्या बाजूला मागे-पुढे जाण्याची दोन बटणं आहेत, आणि त्यांच्याच रांगेत चॅनेल बदलण्याचं तिसरं. ते दाबून २ चा दिवा लावायचा, मग तेच बटण सुमारे ३ सेकंद दाबून धरायचं. दिवा भराभर लुकलुकू लागला की माउस जोडणीसाठी तयार झाला. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या पानावर ‘अ‍ॅड डिव्हाइस’ निवडलं की यादीत एम७२० ट्रायथलॉन हे नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की जोडणी पूर्ण. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे बटण नुसतं दाबून सोडणं. त्याने फक्त चॅनेल बदलतं, जोडणी सुरू होत नाही. दुसरी म्हणजे जुनी नोंद तशीच ठेवणं. हाच माउस त्या कॉम्प्युटरला आधी कधी जोडलेला असेल आणि आता यादीत ‘पेअर्ड’ दिसूनही चालत नसेल, तर ती नोंद काढून टाकून जोडणी नव्याने करावी. जोडणीच्या वेळी माउस आणि कॉम्प्युटर एकमेकांना ओळखायला एक गुप्त किल्ली साठवतात; दोघांकडच्या किल्ल्या जुळत नसल्या की हा घोळ होतो.

याच किल्ल्यांमुळे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची अडचण होते. विंडोजमध्ये जोडला की लिनक्समध्ये तुटतो, तिकडे जोडला की इकडे तुटतो, कारण दोन्ही सिस्टिम स्वतंत्र किल्ली ठेवतात. एम७२० मध्ये यावर सरळ उपाय आहे: विंडोजला चॅनेल २ द्या, लिनक्सला ३. किंवा त्या मशीनवर रिसीव्हरच वापरा. त्याची जोडणी रिसीव्हरच्या आतच साठवलेली असते, त्यामुळे सिस्टिम कोणतीही असो, फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट रिसीव्हरच्याच बाजूची आहे. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजआधी येणाऱ्या सेटिंग्जच्या, पडद्यावर ब्लूटूथ माउस सहसा चालत नाही, कारण ब्लूटूथ हाताळणारं सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमसोबत नंतर सुरू होतं. रिसीव्हर मात्र कॉम्प्युटरला साध्या यूएसबी माउससारखाच दिसतो. म्हणून मुख्य कॉम्प्युटरला रिसीव्हर आणि बाकीच्यांना ब्लूटूथ ही वाटणी योग्य.

आता रिसीव्हर कुठे लावायचा, हा मुद्दा. कर्सर अडखळतो, उड्या मारतो, मधूनच थांबतो, या तक्रारींचा दोष लोक माउसला देतात, पण फार वेळा कारण रिसीव्हरची जागा असते. कंपनी १० मीटरचा पल्ला सांगते. तो मधे काही नसताना. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये रिसीव्हर लावला की माउस आणि त्याच्यामध्ये कॅबिनेटचा अख्खा पत्रा येतो, आणि एक मीटर अंतरावरही सिग्नल लंगडतो. दुसरा त्रास यूएसबी ३.० चा. या पोर्टमधून ५ गिगाबिट वेगाने डेटा जाताना जो विद्युत गोंगाट तयार होतो, तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि माउसचा रेडिओ तिथेच काम करतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारच्या पोर्टात रिसीव्हर असेल, तर मोठी फाइल कॉपी होताना कर्सर जड झालेला हमखास दिसतो. डिस्क काढली की लगेच ठीक.

उपाय स्वस्त आहे. रिसीव्हर काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा, डिस्कपासून दूरच्या बाजूला. तसा पोर्ट नसेल तर एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन वायर घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणा. हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीत, लावण्यापेक्षा ही वायर बरी, कारण हबमध्ये शेजारी पुन्हा तोच गोंगाट असतो. ब्लूटूथवर असताना असंच अडखळणं दिसलं, तर वायफाय २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहा.

थोडा वेळ हात काढला आणि परत हलवल्यावर कर्सर क्षणभर उशिरा जागा होतो, हा वेगळा प्रकार. ब्लूटूथवर माउस सेल वाचवायला झोपतो, त्यामुळे हे थोडंफार राहणारच. रिसीव्हरवरही असं होत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

चाक ही या माउसची खरी मौज. चाकामागचं छोटं बटण दाबलं की खटखट थांबते आणि चाक मोकळं फिरतं. एक झटका दिला की शेकडो ओळींचा हिशेब सर्रकन खाली जातो, बोट ठेवलं की थांबतो. पुन्हा दाबलं की पान थोडं-थोडं, मोजून सरकतं. चाक डाव्या-उजव्या बाजूला कलतंही, आणि रुंद स्प्रेडशीट आडवं सरकवायला ते फार उपयोगी पडतं. पण याची किंमत मधल्या क्लिकला मोजावी लागते: चाक जरा तिरकं दाबलं गेलं की क्लिकऐवजी पान आडवं सरकतं. लिंक नव्या टॅबमध्ये उघडण्यासाठी मधली क्लिक सतत वापरणाऱ्यांनी ती अंगठ्याखालच्या बटणावर न्यावी. हे बटण रबरी टेकूखाली दडलेलं आहे, बाहेरून दिसत नाही, आणि जरा जोरानेच दाबावं लागतं.

त्यासाठी कंपनीचं ऑप्शन्स प्लस हे सॉफ्टवेअर लागेल. नेमून दिलेली कामं माउसमध्ये साठत नाहीत, त्या-त्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये राहतात. ऑफिसच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची मुभा नसेल, तर तिथे अंगठ्याचं बटण तुमच्या मनासारखं वागणार नाही. विंडोजमध्ये मागे-पुढे जाण्याची बटणं सॉफ्टवेअरशिवायही चालतात. मॅकवर स्क्रोलची दिशा उलटी वाटली तर ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करावं. मात्र ते सिस्टिममधून बंद केलं की ट्रॅकपॅडचीही दिशा बदलते, म्हणून ऑप्शन्स प्लसमधून फक्त माउससाठी बदलणं चांगलं.

याच सॉफ्टवेअरमधली फ्लो ही सोय दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवणाऱ्यांच्या कामाची आहे. कर्सर पडद्याच्या कडेला नेला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरतो, कॉपी केलेला मजकूरही सोबत जातो. अट अशी की दोन्हीकडे हे सॉफ्टवेअर हवं आणि दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत. एकीकडे व्हीपीएन सुरू असेल किंवा पाहुण्यांसाठीचं वायफाय असेल, तर दोन कॉम्प्युटर एकमेकांना सापडत नाहीत आणि फ्लो नुसताच शोधत बसतो. फोन-टॅबवर फ्लो नाही. तिथे बटणानेच चॅनेल बदलायचं.

वेगाबद्दल थोडा हिशेब केला की बरेच गैरसमज मिटतात. याचा सेन्सर १००० डीपीआयचा, म्हणजे हात एक इंच सरकला की १००० मोजमापं. विंडोजमधली वेगाची पट्टी मधोमध असताना फुल एचडी पडद्याची १९२० पिक्सेलची रुंदी ओलांडायला हात सुमारे ४.९ सेंटीमीटर सरकवावा लागतो. फोरके पडद्याच्या ३८४० पिक्सेलना साधारण ९.८. म्हणून मोठ्या फोरके पडद्यावर हा मंद भासतो. पट्टी पुढे सरकवता येते, पण मग विंडोज एका मोजमापाला एकाहून जास्त पिक्सेल उडी मारतं आणि बारीक निशाणा चुकतो. फोटो कापणं, नकाशा काढणं अशा कामांत पट्टी मध्यावर ठेवून ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढावी. ती असताना कर्सरचं अंतर हाताच्या वेगावर बदलतं, आणि हाताला सवय लागत नाही.

काचेवर हा चालत नाही. ऑप्टिकल सेन्सर पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेऊन त्यांतला फरक मोजतो. काचेत टिपायला खूणच नसते. लाकूड, कापडी पॅड, साधा कागद, सगळं चालतं.

सेल एकच लागतो. कंपनी २४ महिने सांगते, पण रोज आठ-दहा तास वापरणाऱ्याने तेवढ्याची अपेक्षा धरू नये. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलही चालतो. त्याचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असल्याने चार्ज शिल्लक असूनही सॉफ्टवेअरमध्ये तो कमी दिसू शकतो. वजन खटकत असेल तर लिथियमचा डबल ए सेल घाला. अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो, लिथियमचा १५ च्या आसपास, आणि सेलसकट १३५ ग्रॅमच्या या माउसमध्ये तो फरक हाताला कळतो. अल्कलाइन सेल घालून माउस महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका. संपत आलेला सेल पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरा थर चढतो. तो क्षार अल्कलीचा असतो, त्यामुळे व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतो. नंतर ओलसर काडीने पुसून, पूर्ण सुकवूनच नवा सेल घालावा.

कर्सर जागच्या जागी थरथरत असेल तर माउस उलटा करून सेन्सरच्या छिद्रात डोकवा. एखादा केस अडकलेला असतो. फुंकर नको, थुंकीचे कण जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली काडी फिरवली की काम झालं. एका क्लिकला दोन क्लिक पडू लागल्या तर मात्र सेटिंग्जमध्ये उपाय शोधू नये. आतल्या मायक्रोस्विचची पातळ पट्टी थकते किंवा गंजते, आणि एकदा दाबताना दोनदा टेकते. वॉरंटी असेल तर बदलून घ्यावा, नसेल तर सोल्डरिंग जाणणाऱ्याकडून स्विच बदलून मिळतो.

घेऊ नये अशी माणसं स्पष्ट आहेत. डावखुऱ्यांसाठी याचा आकार नाही, अंगठ्याची खोबण एकाच बाजूला आहे. खेळांसाठीही नाही. क्लिकचा आवाज येतो, त्यामुळे रात्री शेजारी कुणी झोपलं असेल तर आवाजरहित स्विचचा माउस पाहा. चॅनेलचं बटण मागे-पुढेच्या बटणांना खेटून आहे. सुरुवातीला चुकून दाबलं जातं आणि कर्सर अचानक गायब होतो. अशा वेळी आधी १-२-३ चे दिवे पाहावेत, सेल काढून बसू नये.

रिसीव्हर हरवला तर दुसरा मिळू शकतो, पण नारिंगी खुणेचा, ‘युनिफाइंग’ नावाच्या प्रकारचाच हवा; सोबत येतो तोही हाच. कंपनीने २०२१ मध्ये आणलेला बोल्ट रिसीव्हर दिसायला तसाच आहे, पण या माउसशी तो जुळत नाही. एका युनिफाइंग रिसीव्हरवर ६ उपकरणं बसतात, त्यामुळे त्याच खुणेचा कीबोर्ड असेल तर दुसरा पोर्ट अडवायची गरज नाही. लिनक्सवर ही जोडणी सोलार नावाच्या प्रोग्रॅमने होते. जुना किंवा वापरलेला रिसीव्हर हाती आला तर त्याचं फर्मवेअर (आत भरलेलं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करा. २०१६ मध्ये माउसजॅक नावाने उघड झालेल्या त्रुटीत दूरवरून कॉम्प्युटरवर खोट्या कळा दाबता येत होत्या, आणि दुरुस्तीआधीच्या रिसीव्हरमध्ये ती तशीच राहिलेली असू शकते.

वापरलेला माउस घेताना तीन गोष्टी तपासा: तिन्ही दिवे लागतात का, चाकाचं बटण दोन्ही स्थितींत ठाम बसतं का, आणि एखादी फाइल डाव्या बटणाने धरून पडद्यावर सावकाश गोल फिरवली तर मधेच सुटते का. सुटली तर स्विच गेला आहे.