कॉपीराइटच्या नावाखाली 21,749 रुपये गेले, लाज सोडून लिहितोय

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा माझा यूट्यूबवरचा व्हिडिओ, मागे डीजेवर गाणं वाजतंय. ते काय मी लावलेलं नाही, जत्रेत वाजतच असतं, पण त्यामुळेच तर फसलो. मेल आला की तुमच्या व्हिडिओत आमच्या कंपनीचं गाणं आहे, 24 तासांत सेटलमेंट करा, नाहीतर तीन स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याचे यूट्यूबचे ठपके) टाकून चॅनल उडवू आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली केस. मागोमाग 'वकील साहेबांचा' फोन. गुगलवर पाहिलं तर कलम खरं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा खरी, 2022 ला सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा अजामीनपात्र म्हटलंय तेही खरं. म्हणजे मी अगदीच येडा नव्हतो बरं का भो. त्यात दुकानात युरियाला ही रांग, एका हातात पावती पुस्तक, एका हातात फोन.

12,500 लायसन्स फी, वर 18 टक्के जीएसटी 2,250, एकूण 14,750. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं, मी म्हटलं असेल यांचं काहीतरी. पाठवले. मग बिल आलं, आणि इथेच, इथेच कळायला पाहिजे होतं. पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू! 09 म्हणजे उत्तर प्रदेश. अरे माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, पाटीवर 27 ने सुरू होणारा नंबर रंगवलाय, रोज बिलं फाडतो, दुसऱ्याच्या बिलावर एक आकडा चुकला तर परत पाठवतो. नंतर मोजली तर अक्षरंही 14 च, पाहिजेत 15. तेव्हा फक्त शिक्का बघितला, छान निळा होता.

मग 'एनओसी'चे 6,999, आणि आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो. पैशापेक्षा तेच जास्त टोचतं. द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, शेवटचे चार आकडेच दिसतात, मला कोणी सांगितलं नाही. तिसऱ्यांदा 9,000 मागितले तेव्हा भाच्याने यूट्यूब स्टुडिओ उघडला, म्हणजे चॅनलचा सगळा हिशोब दिसतो ते पान, स्ट्राइक शून्य. स्ट्राइक खरा असेल तर तिथे दिसतोच, आणि 90 दिवसांत तीन झाले तर चॅनल जातं, एका मेलने नाही. बायको म्हणे, "दुकानमा एक रुपया सोडतस नही तुम्ही!"

लाजेपायी चार दिवस गप्प बसलो, तुम्ही बसू नका, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

आता साहेब लोकांचं ऐका. गावचं पोलीस स्टेशन म्हणे जिल्ह्याला सायबरला जा. सायबर म्हणे बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणे पोलिसांचं पत्र आणा, आणि वर, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" हो, मीच पाठवले, म्हणून तर आलोय! तीन फेऱ्या, गाडीभाडं वेगळं, एकदा तर साहेब बंदोबस्तात. शेवटी 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं, माझ्या तक्रारीवर काय केलं एवढंच. 29 व्या दिवशी उत्तर, "तपास सुरू असल्याने कलम 8(1)(ज) नुसार माहिती देता येत नाही." तपास! मला अजून जबाबाला बोलावलेलं नाही, कोणाचा तपास करताय? नुसतं तपास चालू आहे म्हणून नाकारता येत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, हे दिल्ली हायकोर्टाने 2007 लाच सांगितलंय. असं उत्तर आलं तर फाडून टाकू नका, 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका.

मी टाकलंय. आणि तो व्हिडिओ अजून तसाच आहे, गाण्यासकट, कोणाचा क्लेम नाही की काही नाही.