अ‍ॅसिडिटी मुळापासून घालवणाऱ्या पुडीने आमच्या घरात काय केलं

कापूस विकून घरात चार पैसे आले की आमच्या भागात शिबिरांचे फ्लेक्स लागायला लागतात. 'अ‍ॅसिडिटी, गॅस, बद्धकोष्ठता मुळापासून बंद, साइड इफेक्ट शून्य, शंभर टक्के जडीबुटी.' दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात असंच एक शिबिर झालं आणि माझ्या सासूबाई हातोहात फसल्या. पैसे गेलेच, वर जिवावर बेतलं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वाचून दाखवा, एवढ्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

सासूबाईंचा पित्ताचा त्रास जुना. छातीत जळजळ, करपट ढेकरा, रात्री घशाशी आंबट पाणी. सकाळी उपाशीपोटी कोरा चहा, वेचणीच्या दिवसांत दुपारची भाकर चार वाजता, रात्री ठेचा नाहीतर तर्रीची भाजी आणि जेवल्याबरोबर अंथरूण. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, तीही रिकाम्या पोटी. सरकारी दवाखान्यातून पित्ताची आणि बीपीची गोळी चालू होती.

शिबिर समाजमंदिरात होतं. पांढरे कपडे घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस आणि त्याच्यासोबत दोन पोरं. त्याने आधी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात कसलेसे थेंब टाकले. पाणी काळपट तांबडं झालं. "हे तुमच्या पोटातलं अ‍ॅसिड," तो म्हणाला. मग चमचाभर पूड टाकून ढवळलं. बघता बघता ग्लास निवळशंख. सगळा मांडव गप्प झाला. सासूबाईंनी तो ग्लास हातात घेऊन उजेडात धरून पाहिला होता, हे त्या अजूनही सांगतात.

पुढे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी हाच प्रयोग आमच्या ओट्यावर करून दाखवला. जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात टाकलं आणि त्यात व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घातली. रंग तसाच्या तसा उडाला. त्याचा पोटातल्या अ‍ॅसिडशी काही संबंध नाही. जठरातलं आम्ल पाण्यासारखं बिनरंगाचंच असतं आणि अन्न पचवायला, जंतू मारायला ते लागतंच. ते सगळं 'साफ' करून टाकायची गोष्टच मुळात खोटी.

त्या माणसाने नाडी पाहिली आणि सासूबाईंना सांगितलं, "मावशी, डॉक्टराच्या गोया खाऊन खाऊन आतडी सडली तुमची. आजपासून साऱ्या गोया बंद." साऱ्या म्हणजे बीपीचीसुद्धा. एका महिन्याच्या पुड्यांचे २,४०० रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणे जडीबुटीला बिल नसते. प्लास्टिकच्या पिशवीत खाकी पूड, वर नुसता देवीचा फोटो.

सोबत त्याने पथ्याचा छापील कागद दिला. चहा, तंबाखू-सुपारीचा खर्रा, ठेचा, तळलेलं बंद. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडका, दुधी, पातळ ताक. रात्रीचं जेवण ७ च्या आत आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. थोडं थोडं, वेळेवर खायचं. या कागदात चुकीचं काहीच नव्हतं, आणि फसवणुकीची मेख तिथेच होती. एवढं पथ्य पाळलं तर बहुतेकांची जळजळ औषधावाचूनही कमी होते. उशाकडचे पाय विटांवर चढवून बाज उंच केली, डाव्या कुशीवर झोपलं, तर रात्रीचं आंबट पाणीही घशाशी कमी येतं. सासूबाईंनी पथ्य काटेकोर पाळलं. गुण पथ्याचा होता, नाव पुडीचं झालं.

पण पुडीत नुसती माती नव्हती, आणि हे फार महत्त्वाचं आहे. पूड खाल्ल्यावर पाच मिनिटांत आराम पडायचा. आठवड्याभरात गुडघ्यांचं दुखणंही गेलं. "सूनबाई, माहे गुडघेबी मोकये झाले पाय," म्हणत त्या सकाळी स्वतः पाणी भरायला लागल्या. भूक वाढली, तोंडावर तेज आलं असं शेजारणी म्हणू लागल्या. ते पाहून गल्लीतल्या बऱ्याच घरांनी पुड्या मागवल्या. त्या माणसाने मग 'पूर्ण कोर्स' म्हणून १८,००० सांगितले आणि सासूबाईंनी कापसाच्या पैशातून दिले.

पोटाच्या औषधाने गुडघे मोकळे झाले, तिथेच संशय घ्या असं मी आता प्रत्येकाला सांगते. तोंडावरचं तेज म्हणजे सूज होती. चेहरा गोल झाला, हातापायांवर साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग उठू लागले. कोर्स संपत आला, त्या माणसाचा फोन बंद, पुडी संपली. आणि दोन-तीन दिवसांतच सासूबाई गळून गेल्या. वांत्या, चक्कर, उठून बसायचं त्राण नाही. १०८ बोलावून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून यवतमाळला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारलं, "कोणती पुडी चालू होती?" सकाळचं रक्त घेऊन कॉर्टिसॉल तपासलं, ते फार कमी निघालं. साखर वाढलेली, जी आधी कधीच नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपलं शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन स्वतः तयार करतं. पुडीतून महिनोन्महिने तसंच काम करणारं स्टिरॉइड नावाचं औषध पोटात गेलं की शरीर स्वतःचं काम थांबवतं. मग पुडी एकदम बंद झाली की माणूस कोसळतो. स्टिरॉइडने दुखणं दबतं, भूक लागते, उत्साह वाटतो, म्हणून भोंदू लोक ते पुडीत मिसळतात. दुखण्याच्या गोळीसोबत ते पोटात गेलं तर अल्सर म्हणजे जठरात व्रण होऊन आतून रक्तही जाऊ शकतं. सासूबाईंना त्यांनी मोजून स्टिरॉइड सुरू केलं आणि हळूहळू उतरवत नेत आहेत. तुमच्या घरी कोणी अशी पुडी बराच काळ घेत असेल तर हे वाचून ती एकदम फेकून देऊ नका. पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा.

पिशवीच्या तळाशी उरलेल्या थोड्या पुडीवर मी घरी लिंबू पिळून पाहिलं. भस्सकन फेस आला आणि चवीला ती खारट होती, म्हणजे खायचा सोडा भरपूर. पाच मिनिटांतला आराम त्याचा. सोड्याने आम्ल घटकाभर मरतं, पण त्यातलं सोडियम, मिठात असतं तेच, बीपीच्या माणसाला घातक, आणि इथे तर बीपीची गोळीही बंद करायला लावली होती.

आयुर्वेदाला मी दोष देत नाही. आमच्या तालुक्याला शिकलेले वैद्य आहेत, ते पित्तावर अविपत्तिकर चूर्ण देतात तेव्हा डब्यावर कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, तयार केल्याची तारीख सगळं छापलेलं असतं. विकायच्या आयुर्वेदिक औषधालाही कायद्याने हे लागतंच. औषधाबद्दल खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. नुसत्या पिशवीत पूड आणि बिलाला नकार, एवढं दिसलं की उठून चालू लागा.

आणखी एक. पित्त म्हणून घरी सहन करू नये असंही काही असतं. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, गिळताना अडकणं, आपोआप वजन उतरणं. छातीत दाटून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं तर तो हार्ट अटॅक असू शकतो, तिथे सोडा-लिंबू करत बसू नका. वारंवारच्या अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही असतो. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळालं. तो तपासून ठराविक दिवसांच्या औषधांनी जातो, कोणत्याच पुडीने नाही.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, उरलेली पूडही दिली. त्या माणसाने सांगितलेलं नाव आणि पत्ता खोटा निघाला. हाती राहिली ती फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, आणि तपासाला तीच उपयोगी पडते आहे. म्हणून अशा ठिकाणी रोख दिले असतील तरी फ्लेक्सचा फोटो, गाडीचा नंबर, रिकामी पिशवी जपून ठेवा. प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. आमच्या गल्लीतल्या ज्या घरांनी पुड्या घेतल्या, त्यांतली काही अजूनही लाजेखातर तक्रारीवर सही करायला तयार नाहीत. मी रोज एकेका घरी जाऊन बसते आहे.