माइनक्राफ्ट की सुपरटक्सकार्ट? लहान मुलांसाठी दोन्ही खेळवून पाहिल्यावर

मे महिन्यात नागपुरात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मुलांना बाहेर सोडता येत नाही. पारा 45 वर, रस्ते ओस, घरात कूलरचा एकसुरी आवाज. पत्ते, कॅरम, रंगपेटी सगळं दुपारी साडेबारापर्यंत खेळून झालेलं. आमच्या घरी गेमचा विषय निघाला तो अशाच एका दुपारी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा अकोल्याहून सुट्टीला आला होता. त्या सुट्टीत दोघांना दोन गेम आलटून-पालटून खेळायला दिले: टॅबवर ठोकळ्यांनी हवं ते बांधायचा माइनक्राफ्ट आणि जुन्या लॅपटॉपवर गाड्यांच्या शर्यतीचा सुपरटक्सकार्ट. शाळा सुरू होताना त्यातला एकच रोजचा ठेवला.

फुकटात मिळणारे, दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारे गेम मी यादीत घेतलेच नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला जाहिरात कुठे संपते आणि खेळ कुठे सुरू होतो हे कळत नाही. कोपऱ्यातली ती बारीक फुली तर मोठ्यांच्या बोटालाही सापडत नाही. निन्टेंडोचा स्विच, म्हणजे गेम खेळायचं वेगळं यंत्र, त्याचाही विचार केला होता. मुलांसाठी त्याच्यावर फार सुंदर गेम आहेत, पण आपल्याकडे तो बहुतेक आयात होऊन आलेला मिळतो आणि एकेका गेमची किंमत पाहता पहिल्याच प्रयोगासाठी तो मला जड वाटला.

उरलेल्या या दोघांत माझ्या दृष्टीने मोठं साम्य होतं. मध्ये जाहिरात येत नाही, आणि एकदा टॅबमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घेतला की नेट बंद ठेवूनही खेळता येतो. उन्हाळ्यात लाईट गेली की वायफाय जातं, पण बॅटरी असेपर्यंत खेळ चालतो. माइनक्राफ्टला एकदाच पैसे द्यावे लागतात. आत वेगळं दुकान आहे, पण खरेदीला पासवर्ड लावून ठेवला की त्याचा त्रास नाही. सुपरटक्सकार्टला पैसे पडतच नाहीत. जगभरातले स्वयंसेवक मिळून तो बनवतात आणि त्याचा कोडही कुणालाही पाहता येतो. पहिल्यांदा उघडला की इंटरनेटला जोडू का असं तो विचारतो. तिथे नाही म्हणायचं.

आता माइनक्राफ्टची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भारी आहे.

क्रिएटिव्ह मोड लावला की हवे तितके ठोकळे हाताशी येतात, उडता येतं, पडून मरण्याची भीती राहत नाही. शिवाय पीसफुल ही सगळ्यात शांत पातळी ठेवली तर रात्री येणारे राक्षसही गायब होतात. युरोपात या गेमला 7 वर्षांवरचा शिक्का आहे, अमेरिकेत 10 वर्षांवरचा. पण या दोन सेटिंग लावल्यावर त्यातलं घाबरवणारं जवळजवळ काही उरत नाही, असा माझा अनुभव. सुरुवातीचे तीन-चार दिवस मात्र जड गेले. टॅबवर एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने मान वळवायची, हे पाच वर्षांच्या भाच्याला जमेना. तो सारखा जमिनीकडे किंवा आभाळाकडे बघत चालायचा. एकदा खोल खड्डा खणून आत अंधारात अडकला आणि मोठ्याने रडला. मुलगी आठवडाभरात सराईत झाली.

आणि मग तिने जे केलं ते मी विसरणार नाही. पोळ्याच्या आठवड्यात तिने माइनक्राफ्टमध्ये तान्हा पोळा, म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलांचा होतो तो पोळा, भरवला. त्यात बैल नाहीत, पण गाईंना शिंगं आहेत. तेवढं तिला पुरलं. सात-आठ गाईंना दोऱ्या लावून कुंपणाला रांगेत बांधल्या, वर रंगीत लोकरीच्या ठोकळ्यांचं तोरण केलं. एका गाईसमोर पेटी ठेवून तिच्यात बिस्किटं घातली. ही कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "बोजारा नको का द्यायला?" बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन दारी आलेल्या मुलांना देतात तो खाऊ किंवा पैसे. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरून आल्यावर तिने टॅब उघडून गाईंची रांग दुरुस्त केली, कारण खऱ्या पोळ्यात तोरण आणखी उंच असतं हे तिने पाहिलं होतं. कल्पनेला एवढी मोकळी जागा देणारं दुसरं काही मी त्या पडद्यावर पाहिलेलं नाही. निव्वळ या गोष्टीवर ठरवायचं असतं, तर हा लेख इथेच संपला असता.

माझा निर्णय फिरला तो रात्रीच्या जेवणावरून.

आमच्याकडे आई पोळ्या करायला घेते तेव्हा सगळ्यांनी पानावर यायचं असतं. आई हाक मारायची, "काय करून राहिली वं? पोळ्या थंड होऊन राहिल्या." मुलगी म्हणायची, "आलेच आजी." पाच मिनिटांनी पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला मी उठून टॅब हातातून घ्यायचो, आणि रडं सुरू. एरवी ती हट्टी मुलगी नाही. बाजारात काही नाही म्हटलं तर समजून घेते. म्हणून मी दोन-तीन संध्याकाळी तिच्या शेजारी बसून नुसतं पाहिलं की नेमकं काय होतं.

हाक येते तेव्हा तिचं छत अर्धं झालेलं असतं. छत झालं की खिडकी राहिलेली असते, खिडकी लावली की आत पलंग हवा असतो. एक काम संपतं तिथेच पुढचं सुरू झालेलं असतं आणि मध्ये थांबण्याची जागाच येत नाही. यात गेमचा दोष मी मानत नाही. तो तसाच घडवलेला आहे, आणि त्याच्या मोकळेपणातच त्याची सगळी गंमत आहे. पण अंगणात रांगोळी अर्धी असताना कुणी हात धरून उठवलं तर मोठ्या माणसालाही राग येईल. रोज संध्याकाळी मी नेमकं तेच करत होतो, आणि तेही सहा वर्षांच्या मुलीशी. "अगं, सगळं आपोआप सेव्ह होतं, उद्या तसंच सापडेल" हे मी शंभरदा सांगितलं. तिला ते माहीतही होतं. पण घर उद्या तिथे असलं, तरी ते कसं बांधायचं हे तिच्या डोक्यात त्या घडीला होतं.

उपाय करून पाहिले. माइनक्राफ्टमधला एक दिवस, रात्र धरून, आपल्या 20 मिनिटांचा असतो. म्हणून नियम केला: सूर्य मावळला की टॅब खाली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी भाच्याने शोध लावला की पलंग मांडून झोपलं की लगेच सकाळ होते. मग मोबाईलवर गजर लावला. गजर तिच्या अंगावर नुसता दचका आणायचा, छत तेवढंच अर्धं राहायचं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये पडद्याच्या वेळेबद्दल सूचना दिल्या आहेत. 2 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आत. आम्ही त्याहून कमीच वेळ देत होतो. आमचं भांडण त्या तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत व्हायचं.

सुपरटक्सकार्टमध्ये ती दोन मिनिटं कधी आलीच नाहीत. गाडीची शर्यत आहे. तीन चकरा, शेवटची रेघ, कोण कितवा आला याची यादी, खलास. मोजून पाहिलं नाही, पण आई तव्यावर तीन पोळ्या भाजते तेवढ्यात आमची एक शर्यत होते. चकरा किती हे आपल्याला ठरवता येतं. मी संध्याकाळी दोनच ठेवतो. "ही शेवटची" या शब्दाला इथे अर्थ आहे, कारण शेवट गेममध्येच आहे, मला बाहेरून आणावा लागत नाही. रेघ ओलांडली की मुलगी स्वतः लॅपटॉप मिटते. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा मी आणि बायको एकमेकांकडे बघतच राहिलो.

गेम म्हणून तो साधा आहे, हे कबूल करतो. चित्रं माइनक्राफ्टइतकी मनात भरत नाहीत, आणि पोळा वगैरे भरवण्याची सोय अर्थातच नाही. गाड्या चालवणारे बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोग्रॅमच्या, दुनियेतले प्राणी. लिनक्सचा पेंग्विन टक्स आहे, ब्लेंडरची माकडीण सुझान आहे, ओपनबीएसडीचा फुगलेला मासा पफी आहे. मुलांना या नावांशी देणंघेणं नाही. भाच्याने मासा धरला तो सोडलाच नाही. वाटेत केळी पडलेली असतात, त्यावरून गाडी गेली की काहीतरी संकट मागे लागतं. भेटीच्या खोक्यात बोलिंगचा चेंडू किंवा चिकट च्युइंगगम निघतो, तो दुसऱ्याच्या वाटेत टाकायचा. हाणामारी एवढीच. दरीत पडलं तर पक्षी येऊन उचलून रस्त्यावर ठेवतो. पाच वर्षांच्या मुलाला हे फार आवडतं. भाचा पहिले दोन दिवस मुद्दाम दरीत जायचा.

दुसरी गोष्ट, एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं. पडदा मधोमध विभागला जातो. माइनक्राफ्टमध्ये टॅबवर तसं होत नाही, दोघांना एकत्र खेळवायचं तर दोन टॅब लागतात. आमच्याकडे टॅब एक आणि पोरं दोन, त्यामुळे माझी पाळी-तुझी पाळी चालायचं. लॅपटॉपच्या एकाच कीबोर्डवर दोघांची बोटं एकमेकांत अडकायला लागली तेव्हा बर्डीच्या बाजारातून दोन साधे यूएसबी गेमपॅड आणले. ते घ्याच असं सुचवेन. पाच-सहा वर्षांच्या हाताला कीबोर्डपेक्षा ते खूप सोपे जातात, आणि दोघं मिळून खेळले की वेळही मर्यादेत राहतो.

त्रास नाही असं नाही. शर्यत आहे म्हणजे हरणं आहे. पहिल्या आठवड्यात शेवटचा नंबर आला की भाचा गेमपॅड फेकायचा. मी सगळ्यात सोपी पातळी निवडली आणि संगणकाच्या गाड्या कमी करून दोनच ठेवल्या. मग तो रोज एकदा तरी जिंकायला लागला आणि हळूहळू हरणंही सोसायला लागलं. तुमचं मूल हरल्यावर फार खचत असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी माझ्यापेक्षा मोठा ठरू शकतो, आणि मग माइनक्राफ्टच बरा. तिथे कुणी हरत नाही. तसंच मूल एकटंच असेल, घरात जेवणाची वेळ आमच्याइतकी ठरलेली नसेल, किंवा मुलगा-मुलगी आठ-नऊ वर्षांची होऊन स्वतःच "एवढी भिंत झाली की थांबतो" म्हणण्याइतकी मोठी असेल, तरी मी माइनक्राफ्टच घ्या म्हणेन.

सहा वर्षांच्या मुलाला पहिला गेम म्हणून मात्र, कुणी विचारलं तर, मी हळूच सुपरटक्सकार्टकडे बोट दाखवतो. पैसे लागत नसल्यामुळे करून बघायला अडचणही नाही.

माइनक्राफ्ट काढून टाकलेला नाही. तो रविवारी सकाळचा आहे. तर्री-पोहे झाले की मुलगी टॅब घेऊन बसते, आणि त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. पलंग लागेपर्यंत, खिडकी लागेपर्यंत बसू देतो. तिची नवी इमारत म्हणजे आमच्या नागपूरचा फुटाळा तलाव आहे, मधोमध कारंजं सुद्धा. मला ती दर रविवारी पाहायची असते. इतर दिवशी संध्याकाळी लॅपटॉप उघडतो. आई आता जेवायला चल म्हणून हाका मारत नाही. स्वयंपाकघरातूनच विचारते, "कितवी चक्कर हाये वं?" आणि "शेवटची!" असं ऐकू आलं की मुलीची पोळी तव्यावर टाकते.