कोगनोळी नाक्यावर "अडकलेला" ट्रक आणि आमचे ५४,८५० रुपये

बाथरूमचं सामान फोनवरून मागवणार असाल तर थांबा. "गुजरातेतल्या मोरबीच्या फॅक्टरीतून थेट, मधे दलाल नाही" म्हणणाऱ्या एका माणसाने आमचे ५४,८५० रुपये खाल्ले. २०,००० बुकिंगला, ३०,००० "माल चढला" म्हणून आणि वर ४,८५०. या शेवटच्या ४,८५० चाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

गवंड्याने नुसत्या मजुरीचे ३८,००० सांगितले, तेही गणपती झाल्यावर येतो म्हणाला. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत फिटर. पाइप, ग्राइंडर, लेव्हल हा त्यांचा रोजचा धंदा. म्हटलं, आपणच करू. आठ बाय पाचची न्हाणी ती केवढी! जुन्या टाइल्स आम्ही दोघांनी छिन्नी-हातोड्याने काढल्या, राबिट सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून मी जिन्यावरून खाली नेलं. सीपीव्हीसी पाइपची लाइन यांनी टाकली, प्रेशर लावून तपासली. वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खालच्या छताला थेंब नाही. तेव्हा "हौसेला गेले आणि फसले" असं कुणी म्हणू नये. काम आमचं चोख आहे.

त्या माणसाने टाइल्स, भिंतीवरचा कमोड, आतला फ्लश टँक, डायव्हर्टर (नळ-शॉवर बदलायचा व्हॉल्व्ह) आणि बेसिन असा पूर्ण सेट ४९,५०० ला देऊ केला. जीएसटीसकट ५८,४१०. खडेबाजारात विचारलं होतं, फरक बारा-तेरा हजारांचा. एवढ्यासाठी कुणाचाही जीव ललचावला असता.

बुकिंगनंतर तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, साइटचा व्हिडिओ पाठवा, बॉक्स किती लागतील ते इंजिनिअर बघेल." आम्ही पाठवला. उघड्या भिंती, कोपऱ्यात निळा ड्रम, त्यावर माझी गुलाबी बादली. व्हिडिओ बघून त्याने बॉक्सचा ब सुद्धा काढला नाही. विचारलं काय, तर "घरात दुसरं बाथरूम आहे का?" नाही म्हटलं. तिथेच त्याला कळलं की यांना आंघोळीला शेजारी जावं लागतंय, हे आता थांबणार नाहीत. लांबी-रुंदी सांगितल्यावर टाइल्सचा हिशोब शाळेतलं पोर करतं, इंजिनिअर कशाला लागतो? सामान घरात येऊन पडल्याशिवाय जुनी न्हाणी फोडू नका. फोडलीच तर ते विकणाऱ्याला सांगू नका.

बिल आलं तेही बघा. जीएसटी नंबर २४ ने सुरू, म्हणजे गुजरातचा. माल येणार बेळगावला. मग आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्यात विकलेल्या मालाचा एकच कर, लागायला हवा की नको? तिथे सीजीएसटी ४,४५५ आणि एसजीएसटी ४,४५५ असं, एकाच राज्यातल्या विक्रीसारखं, अर्धं-अर्धं छापलेलं. मी वडगावात कापडाचे माग चालवणाऱ्या एकाकडे बिलं करते, कर्नाटकाचे २९ ने सुरू होणारे नंबर रोज टाइप करते. पण बिल आलं रात्री, फोटो धुरकट, डोळ्यांत दिवसभराची सिमेंटची धूळ. पैसे पाठवताना फर्मऐवजी कुण्या माणसाचं नाव आलं, तर म्हणे "अकाउंटंटचं खातं आहे". आपल्या बाजारात अर्ध्या दुकानांत मालकाच्या पोराच्या नावाचा क्यूआर लावलेला असतो, मग मी वेगळा संशय का घ्यायचा? तुम्ही मात्र घ्या. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की फर्मचं नाव फुकट दिसतं.

मग आला ट्रक. म्हणजे फोनवर आला. "कोगनोळी नाक्यावर अडवलाय, कर्नाटकात घेत नाहीत, ई-वे बिलाचे ४,८५० भरा, डिलिव्हरीला वळते करू." आता सीमाभागातल्या कुठल्याही माणसाला विचारा, यावर विश्वास बसेल की नाही! महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळीला काय अडत नाही? कोरोनात आरटीपीसीआरवाचून माणसं अडवली, महाराष्ट्रातले पुढारी तर दरवेळी अडवतात, कुठे वाद पेटला की एसट्या बंद. आमचं अर्धं आयुष्य त्या नाक्याकडे बघण्यात गेलं. त्या चोराला हे पक्कं ठाऊक होतं. आता ऐका: ५०,००० वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा ऑनलाइन कागद, लागतं हे खरं, पण ते पोर्टलवर फुकट निघतं आणि माल पाठवणारा किंवा ट्रान्सपोर्टवाला काढतो. नाक्यावर मालाचा कर भरायची भानगड २०१७ ला जीएसटी आल्यावरच संपली. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर मागा आणि ट्रान्सपोर्टवाल्याला स्वतः फोन लावा. आम्ही बिल्टी मागितली त्या दुपारपासून त्याचा फोन बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा, लगेच म्हणजे त्याच तासाला. आमची तक्रार नोंदली गेली तोवर पैसे पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. अहो, पिन मी टाकला, पण चोराला खातं कुणी उघडून दिलं? तिथे केवायसी काय पूजेला ठेवली होती?

पोलीस ठाण्यात मराठी अर्ज बघितल्याबरोबर बाजूला सारला. कन्नडमधून आणा. कोर्टासमोरच्या टायपिस्टाने पैसे घेऊन लिहून दिला, त्यात ५४,८५० चे ४५,८५० केले. मला अक्षरं जुळवत वाचता येतं म्हणून सापडलं. परत गेलो तर साहेब नाहीत, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. साहेब भेटले तर खातं गुजरातचं, तिकडे जा. आमच्या यांनी सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, १ जुलै २०२४ पासून कायदा आहे. त्यावर हवालदार हसून म्हणाला, "तुम्ही वकील काय?" फिटरला कायदा माहीत असू नये का? शेवटी दिली ती नुसती पोच, एफआयआर नाही. महाराष्ट्रातल्या एका अधिकाऱ्याला ओळखीतून फोन केला, तर तुम्ही कर्नाटकात येता म्हणाले. मतं मागताना बरोबर आम्ही दोन्हीकडचे असतो! ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायची कुणाला? बिलावरच्या पत्त्यावर त्या नावाची फर्मच नाही.

टाइल्स शेवटी इथूनच घेतल्या, बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एक आहे ना ते दुकानात उभं राहून बघून. कमोड अजून साधाच आहे.

परवा चंदगडच्या मावसबहिणीने मला एक व्हिडिओ पाठवला. नवा नंबर, नवं नाव, खाली लिहिलंय "आमचं चालू काम, बेळगाव". उघड्या भिंती, निळा ड्रम, त्यावर माझी गुलाबी बादली. तुम्हाला आला तर पैसे पाठवू नका, नंबर तेवढा १९३० ला कळवा.