भुसावळचा १२ दिवसांचा फुटबॉल कॅम्प: पैसे वसूल, फक्त गोलकीपर सोडून

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या टीमला जुलैत २४ पोरं होती, दिवाळीपर्यंत १३ उरली. कोणी कापूस वेचायला घरी गेलं, कोणी केळीच्या गाड्या भरायला, आणि बाकीचे सरळ कंटाळून गेले कारण यादीत नाव लागत नाही मग यायचं कशाला. आम्ही यावल तालुक्यातले, निम्मी पोरं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून एसटीने येतात, तर सर म्हणाले यंदा बाहेरचा कोच लावून बघू. भुसावळला एक जण कॉलेजच्या टीमसाठी पावसाळ्यात १२ दिवसांचा कॅम्प घेतो, सकाळी ७ ते दुपारी ५, नाश्ता आणि जेवण धरून एका पोराचे १८०० रुपये. २६ पोरांचे झाले ४६८००. कॉलेजने २० हजार दिले, पोरांनी हजार-हजार काढले, वरचे ८०० सरांच्या खिशातून गेले. मी गेल्या वर्षीचा कॅप्टन, यंदा सरांच्या हाताखाली आहे, त्यामुळे बाराही दिवस तिथेच होतो.

पहिले दोन दिवस माझं डोकं फिरलं होतं. एक पोरगा उशिरा आला की सगळ्या टीमने ग्राऊंडला ४ राऊंड मारायचे असा नियम. आता बस फुटक्या रस्त्यावर अडकली तर त्यात पोराची काय चूक? दुसऱ्या दिवशी आमचे ७ जण २० मिनिटं लेट, सगळ्यांनी राऊंड मारले आणि पळता पळता त्या सातांना शिव्या. मी कोचला बाजूला घेऊन सांगितलं, सर असं केलं तर एकी सोडाच, आमच्यात भांडणं लागतील. माणूस चांगला निघाला, चिडला नाही. तिसऱ्या दिवसापासून सुरुवात ७ ऐवजी बस आल्यावर १० मिनिटांनी, आणि त्यानंतर मात्र जो लेट त्याच्यासाठी सगळे पळणार. पुढे फक्त एकदाच पळावं लागलं, तेही माझ्यामुळे, चहाच्या टपरीवर बसलो होतो.

मग बुटांचं प्रकरण. आपली काळी माती पावसात कशी होते माहितीये ना, बुटाच्या तळाच्या एकेका स्टडला अर्धा किलो चिखल, पाय उचलत नाही. कोचने चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, एक सिनियर एक ज्युनियर, आणि रोज प्रॅक्टिस संपली की दुसऱ्याचे बूट आपण साफ करायचे. थर्ड इयरच्या पोराने फर्स्ट इयरवाल्याचे बूट काडीने खरवडायचे म्हणजे आमच्याकडे भूकंपच. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणारा, दोन दिवस तोंड फुगवून बसला, पण चौथ्या दिवशी त्यानेच ज्युनियरला झापलं की अरे भो तुझा सोल सुटलाय, घरी फेव्हिक्विक लाव. तो ज्युनियर त्याच्याशी तोपर्यंत एक शब्द बोललेला नव्हता.

बोर्डाचा प्रकार मात्र मला नाटकी वाटला. अमेरिकेत इंडियाना राज्यात नोत्र दाम नावाची युनिव्हर्सिटी आहे, तिथली पोरं मॅचला जाताना जिन्याखालच्या एका पाटीवर हात मारून मैदानात उतरतात, १९८६ पासून. त्यांचं कॉलेज फुटबॉल म्हणजे लंबगोल बॉल हातात घेऊन पळतात ते, आपलं नाही. तर कोचने तशीच पाटी स्टोअररूमच्या दारावर लावली, 'जिंकणाऱ्यासारखं खेळ', पेंटरने 'खेळ'चं 'खेल' करून ठेवलं. पोरांनी चार दिवस हात मारले, सेल्फी काढले, पाचव्या दिवशी विसरले.

पण त्याच अमेरिकन खेळातून आणलेली दुसरी गोष्ट भारी निघाली, खरं तर १८०० रुपये मी तिच्यासाठीच देईन. तिकडे मोठ्या कॉलेजात वर्षानुवर्षं ८५ जणांनाच स्कॉलरशिप मिळायची, तरी त्यांच्याशिवाय बरीच पोरं पैसा न घेता टीमसोबत राबतात, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. मॅचमध्ये उतरायला मिळेलच असं नाही, पण आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये ते पुढच्या मॅचमधला विरोधी संघ बनून खेळतात, त्यांच्याच चाली त्यांच्यासारख्याच. आमच्याकडे यादीत १८ जातात म्हणजे ८ जण बाहेर, दरवर्षी गळतात ते हेच. कोचने त्या आठांना काम दिलं. समोरच्या कॉलेजची मॅच बघायला जायचं, मोबाईलवर शूट करायचं, आणि आमच्याविरुद्ध त्यांच्यासारखं खेळायचं. पोरांनी स्वतःच नाव ठेवलं डुप्लिकेट. सप्टेंबरमध्ये एका कॉलेजशी मॅच होती, त्यांच्यातला एक जण लांब थ्रो-इन थेट गोलसमोर टाकतो. आमच्या डुप्लिकेटमधल्या एका बारक्याने तो थ्रो तसाच्या तसा शिकून घेतला, आठवडाभर आमच्या बचाववाल्यांच्या डोक्यावर बॉल टाकत राहिला. मॅचमध्ये ते सगळे थ्रो आमच्या स्टॉपरने काढले आणि १-० ने आम्ही जिंकलो. तर गोल मारणाऱ्याला सोडून पोरांनी त्या बारक्याला उचललं, जो मैदानात उतरलाच नव्हता.

नोव्हेंबरला २६ मधले २३ होते. कापूस वेचायला यंदाही गेले, पण चार दिवसांनी परत आले.

जेवणाबद्दल लिहायलाच हवं. नाश्त्याला भिजवलेले हरभरे आणि केळी, केळी तर आपल्याकडे फुकटच म्हणा. कळण्याची भाकरी आणि ठेचा झकास. पण तर्रीवाली शेवभाजी दुपारी दीडला वाढून तीनला स्प्रिंट मारायला लावणं हा काय शहाणपणा? दोघांना ग्राऊंडच्या कडेला जावं लागलं. पुढे सांगून वरण-भात करून घेतला, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.

बॉलही कमी पडतात, २६ पोरांत ६, त्यातले दोन रोज संध्याकाळी बसलेले. पंप आणि सुई आपली घेऊन जा. आणि सगळ्यात मोठी उणीव, गोलकीपरसाठी वेगळा कोच नाही. बारा दिवस आमचा कीपर दोन विटांच्या मध्ये उभा राहून सगळ्यांच्या शॉटची शिकार झाला, कसं पडायचं, कुठे उभं राहायचं हे कोणी सांगितलं नाही. स्पर्धेच्या पुढच्या फेरीत टायब्रेकरवर हरलो, पाचपैकी एकही पेनल्टी त्याला अडवता आली नाही. पोरगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही, डुप्लिकेटवाले त्याच्या घरी जाऊन बसले. आता त्यांच्यातलेच तिघं रोज प्रॅक्टिस संपल्यावर त्याला पेनल्टी मारतात.

५ पैकी ४ स्टार. पुढच्या वर्षी परत जाणार, जूनमध्येच फोन करून ठेवा, नंतर तारीख मिळत नाही.