लायमनचा जुना लोखंडी साचा आणि काडतुसे भरण्याचे ३१० हत्यार : वापरानंतरचा अनुभव

लोखंडी साचा गंजतो, ही तक्रार बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर आलेली असते. परंतु गंजापेक्षा गंज काढणारा माणूसच साच्याचे अधिक नुकसान करतो, हे मला या खरेदीत कळले. येथे पेनसिल्व्हेनियात माझ्याकडे .३०-३० काडतुसाची जुनी विंचेस्टर ९४ रायफल आहे आणि तिच्यासाठी लायमन या अमेरिकन कंपनीचा ३११०४१ क्रमांकाचा साचा मी ऑनलाइन लिलावात घेतला. वर्णनात ‘उत्तम स्थितीत, वापरास तयार’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात दोन्ही ठोकळ्यांच्या आतल्या बाजू आरशासारख्या चकचकीत निघाल्या. तारेच्या फिरत्या ब्रशने घासून त्या चमकवल्या होत्या, त्या भरात हवा निसटण्याच्या बारीक रेघा अर्ध्या पुसल्या गेल्या होत्या आणि खणाच्या कडा गोल झाल्या होत्या. अशा साच्यात शिसे कडेच्या फटीत शिरते आणि प्रत्येक गोळीच्या दोन्ही अंगांना पातळ पापुद्रा येतो. विक्रेत्याने आधी ‘जुनी वस्तू अशीच असते’ असे सुनावले. बऱ्याच पत्रापत्रीनंतर पैसे परत केले, पण जाण्यायेण्याचा टपालखर्च माझ्याच माथी मारला. तो खर्च मला अजून खुपतो.

त्यानंतर एका घरातील सामानाच्या विक्रीत याच क्रमांकाचा दुसरा साचा मिळाला, तोही पहिल्याच्या निम्म्या किमतीत. बाहेरून तपकिरी, कळकट. आतून मात्र कडा धारदार आणि रेघा शाबूत. त्याच्या मालकाने तो दर वेळी तेलाचा हात फिरवून ठेवलेला असावा. मी ते तेल सॉल्व्हंटने धुऊन काढले, कारण तेलाचा अंश राहिला तर गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, आणि तेवढ्यावरच साचा कामाला लागला.

या साच्याच्या क्रमांकात पहिले तीन आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत व्यास सांगतात आणि पुढचे आकडे नमुन्याचा अनुक्रम. ३११०४१ च्या गोळीचे नाक चपटे आहे आणि ९४ साठी ते अत्यावश्यक आहे, कारण तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचे नाक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला, टेकलेले असते आणि टोकदार नाक धक्क्याने ती उडवू शकते.

पण मला विस्ताराने लिहायचे आहे ते साच्यावरच्या स्प्रू प्लेटविषयी. खणाच्या माथ्यावर आडवी फिरणारी, भोक असलेली ही लोखंडी पट्टी शिसे आत घेते आणि मग जादा शिसे छाटून टाकते. बहुतेक लोक साचा विकत घेताना तिच्याकडे पाहतही नाहीत. माझ्या मते साच्याची निम्मी किंमत या पट्टीची आहे. गोळी साच्यात उलटी ओतली जाते, म्हणजे पट्टीखाली येते ते गोळीचे बूड, आणि नळीतून बाहेर पडताना मागचा वायू बुडाच्या सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटला नाही तर गोळी कलते. नाकावरची लहानशी खोच खपून जाते. बुडाची कड तुटलेली खपत नाही. या नमुन्यात बुडावर गॅस चेकची तांब्याची टोपी बसते, आणि बूड तिरके असेल तर टोपीही तिरकी बसते.

माझ्या साच्याची पट्टी सैल होती, त्यामुळे तिच्याखाली शिशाचा कागदासारखा थर जमत असे. स्क्रूखालचा स्प्रिंग वॉशर बदलला आणि स्क्रू इतकाच आवळला की साचा कलता केल्यावर पट्टी आपल्या वजनाने फिरावी. त्याहून घट्ट नाही. पळीने शिसे ओतल्यावर पट्टीवर छोटे तळे राहते. आधी ते आरशासारखे लखलखते, मग कडेपासून मध्याकडे एक सुरकुती सरकते, मधोमध किंचित खळगा पडतो आणि चमक मंदावते. त्यानंतर थोडे थांबून पट्टी हातमोज्याने ढकलली की काप गुळगुळीत येतो. घाई केली तर मऊ शिसे फरफटते. फार थांबले तर लाकडी हातोडी मारावी लागते आणि पट्टी हळूहळू वाकते. भिंगाखाली बुडाची कड पूर्ण दिसली तरच मी गोळी ठेवतो, बाकीच्या पुन्हा भांड्यात जातात.

आता ३१० विषयी. अमेरिकेतील न्यू हेवनच्या ज्या ‘आयडियल’ कंपनीतून ही घडण आली, ती जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये काढली आणि १९२५ मध्ये ती लायमनकडे गेली. ‘आयडियल’च्या जुन्या क्रमांक ४ च्या हत्यारात साचा टोकालाच जोडलेला असे आणि मुठी निव्वळ लोखंडी, त्यामुळे काही गोळ्यांतच हात भाजे. ३१० मध्ये साचा वेगळा केलेला आहे. हे हत्यार अडकित्त्यासारखे हातात दाबायचे. डाय (प्रत्येक कामासाठी हत्यारात बसवायचा वेगळा भाग) बदलत जाऊन जुना प्रायमर काढणे, पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मान आवळणे, नवा प्रायमर बसवणे, तोंड किंचित फुलवणे आणि गोळी बसवणे ही सगळी कामे होतात.

सुरुवातीचे काही महिने माझे मत प्रतिकूल होते. ३१० पुंगळीची फक्त मान आवळते, अंग नाही. ९४ चा बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे जोरदार काडतुसांत पितळ ताणते आणि पुढे लिव्हर बंद करताना अडखळते. म्हणून मी हे हत्यार विकायला काढले होते. मात्र ओतीव गोळ्यांचे हलके बार सुरू केल्यावर पितळाला ताण पडेनासा झाला, त्याच रायफलच्या पुंगळ्या त्याच रायफलमध्ये सहज जाऊ लागल्या आणि मानेखालचे अंग दर वेळी आवळले जात नसल्यामुळे पितळ टिकूही लागले. कामाचा वेग कमी आहे, पण प्रायमर खोबणीत बसल्याचे बोटांना कळते आणि सैल बसणारा प्रायमर तेथल्या तेथे सापडतो. हत्यार विकण्याचा विचार मी सोडून दिला.

बंदुकीची दारू मोजायला मी जुना तराजूच वापरतो. त्यावरचे ग्रेन आपल्याकडच्या सोनाराला परके नाहीत : १८० ग्रेनचा आणि ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे गुंजेचे वजन दोन ग्रेनच्या आतच. हत्यार जुने चालते, जुन्या पुस्तिकेतले दारूचे प्रमाण मात्र चालत नाही. त्या नावांच्या दारू बदलल्या आहेत; प्रमाण आजच्या उत्पादकाच्या छापील तक्त्यातूनच घ्यावे.

शिशाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. चाकांचा तोल साधायला टायरच्या कडेला लावलेली जुनी वजने स्वस्त पडतात, पण आता त्यांत जस्ताची वजने मिसळलेली असतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जस्त ४१९ ला; म्हणून भांडे कमी तापवून जस्ताची वजने तरंगत असतानाच काढून टाकावीत. ती एकदा विरघळली की सगळा घाणा साचा भरण्याच्या लायकीचा राहत नाही. काम उघड्या हवेत करावे, भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. भारतातील वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत.

घेणाऱ्याने आधी ३१० च्या मुठी लहान आहेत की मोठ्या ते विचारावे, कारण डाय त्याप्रमाणे बदलतात आणि विक्रेते दोन्ही मापांचे भाग एकाच डब्यात घालून पूर्ण संच म्हणून विकतात. माझ्या डब्यातही एक डाय दुसऱ्या मापाचा निघाला. तो मी क्लबमधल्या एकाला देऊन त्याच्याकडून गॅस चेकची डबी घेतली.